थोडासा अंधार

आमच्या धाकटीला अंधाराचे भारी भय. वय वर्षे पाच, जीभ पंचवीस वर्षांची. दिवसा रस्त्यावरच्या कुत्र्याच्या जबड्यात हात घालायला कमी करायची नाही. पण दिवेलागणीनंतर न्हाणीघरात जायचे तर तिला दोन माणसे सोबत लागतात, एक आत दिवा लावायला आणि दुसरे दाराबाहेर उभे राहून ‘मी आहे’ म्हणायला. रात्री निजायच्या खोलीत एक निळा दिवा जळत असतो. त्या दिव्यावरून आमच्या घरात जेवढी भांडणे झाली तेवढी पैशावरूनही झाली नसतील. मला उजेडात झोप येत नाही, धाकटीला अंधारात येत नाही, आणि तिच्या आईला आम्हा दोघांच्या कुरबुरीमुळे येत नाही.

खरे सांगायचे तर ज्या गोष्टीची तिला एवढी भीती, त्या गोष्टीशी तिची नीट गाठ कधी पडलेलीच नव्हती. ठाण्यात आम्ही राहतो त्या गल्लीत रात्री बारा वाजताही वर्तमानपत्र वाचता येईल. समोरच्या इमारतीचा जिना, औषधांच्या दुकानाची पाटी, रस्त्यावरचे पांढरेफेक दिवे, सगळे मिळून आमच्या खिडकीत रात्रभर पहारा देतात. अमावास्या कोणती आणि पौर्णिमा कोणती हे आम्हाला कॅलेंडर पाहून कळते.

गेल्या दिवाळीत तिला रोषणाई दाखवायला आम्ही तलावपाळीला नेले होते. मासुंदा तलावाच्या पाण्यात उतरलेले दिवे पाहून ती इतकी हरखली की परत यायला तयार होईना. तेव्हापासून दर महिन्याला एक प्रश्न ठरलेला: ‘आता पुन्हा दिवाळी कधी?’ होळीला विचारून झाले, रामनवमीला विचारून झाले. मे महिन्यात मी म्हणालो, ‘चल, तुला झाडांवरची दिवाळी दाखवतो.’

‘बाबा, ते कीटक आहेत,’ चिरंजीव पुस्तकातून डोके वर न काढता म्हणाले. त्यांचे यंदा नववीचे वर्ष असल्यामुळे जगातल्या प्रत्येक वस्तूचे वर्गीकरण त्यांना ठाऊक असते.

मी त्याला डोळ्यांनी दटावले. ही दिवाळी पाहायची तर आधी गडद काळोखात जाऊन उभे राहावे लागते, ही गोष्टही मी गिळून टाकली. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर लिहू नये, असे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आलो आहे.

भंडारदऱ्याच्या काजव्यांविषयी मी पुष्कळ ऐकून होतो. मे महिना सरता सरता वळवाचे दोनचार शिंतोडे पडले की कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या त्या टापूत हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर काजवे जमू लागतात. आणि मृगाचा खरा पाऊस लागला की पाहता पाहता नाहीसे होतात. दोनतीन आठवड्यांचा खेळ. गेली वीस वर्षे वर्गात मीही काजवे दाखवीत आलो आहे, पण ते भाषेतले. आणि आपल्या भाषेने या जिवाला फारसे मायेने वागवलेले नाही. कोणाच्या थोबाडीत बसली की डोळ्यांपुढे काजवे. कोणी थोरामोठ्यांशी बरोबरी करू गेला की सूर्यापुढे काजवा. ज्ञानेश्वरांसारख्यांनीदेखील पहिल्याच अध्यायात आपले लहानपण सांगताना, सूर्याच्या तेजापुढे काजव्याची शोभा ती काय, असा दाखला दिला आहे. संस्कृतातला ‘खद्योत’ मात्र ऐटबाज. ‘ख’ म्हणजे आकाश. आकाशात चमकतो तो खद्योत. कोशात पाहिले तर हाच शब्द सूर्यालाही दिलेला आढळतो, म्हणजे निदान कोशात तरी दोघांची पंगत एक! हे सगळे मी दरवर्षी रंगवून सांगतो. पण प्रत्यक्ष काजवा पाहिला होता तो लहानपणी आजोळी, एखाददुसरा, तोही कोणीतरी काचेच्या बाटलीत धरलेला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात उत्तरपत्रिकांचा शेवटचा गठ्ठा हातावेगळा केला आणि आम्ही निघालो. कसाऱ्याचा घाट चढलो, इगतपुरी मागे टाकली आणि घोटीला हमरस्ता सोडला. वाटेत पोरे पानांच्या द्रोणात करवंदे घेऊन उभी होती. धाकटीने ती खाल्ली कमी आणि फ्रॉकला लावली जास्त. बारी गावाशी कळसूबाई दिसली. ५,४०० फूट उंचीचे, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर; पण त्या दिवशी तिने डोक्यावरून ढगाचा पदर इतका पुढे ओढला होता की चेहरा काही दिसला नाही.

शेंडीला पोचलो तेव्हा ऊन कलले होते. धरण पाहून घेतले. प्रवरेवरची ही २७० फूट उंचीची दगडी भिंत १९१० साली बांधायला घेतली आणि १९२६ साली पुरी झाली. त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर विल्सन यांचे नाव तिला मिळाले. जूनमध्ये पाणी पार खाली गेलेले असते, आणि उघड्या पडलेल्या काठावर तांबड्या मातीची वलये एकाखाली एक उमटलेली दिसतात. धरणाच्या पायथ्याला वीजघर आहे. त्याहून मोठे नवल पलीकडे घाटघरला. चिरंजीवांनी ते आम्हाला सविस्तर समजावून सांगितले. विजेला गिऱ्हाईक कमी असते तेव्हा खालच्या तलावातले पाणी पंपांनी सह्याद्रीच्या माथ्यावरच्या तलावात चढवायचे, आणि मागणी वाढली की तेच पाणी कड्यावरून खाली सोडून वीज करायची. २५० मेगावॉट. २००८ सालापासून तिथले पाणी असे वरखाली करीत आहे. खालचा तलाव चोंढ्याला, म्हणजे आमच्याच ठाणे जिल्ह्यात.

‘म्हणजे आपल्या निळ्या दिव्याचं माहेर हे,’ सौभाग्यवती म्हणाल्या.

पांजऱ्याच्या अलीकडे एका शेतकऱ्याच्या घरी आम्हाला दोन खोल्या मिळाल्या होत्या. चहा झाला. अंधार पडायच्या सुमारास गाडीत बसून आम्ही काजवे पाहायच्या जागी निघालो. वनखात्याच्या नाक्यावर पावती फाडली. गाडीचे दिवे लावू नका, फ्लॅश मारू नका, झाडाखाली जाऊ नका, अशा सूचना वाचल्या. इथवर सारे यथासांग झाले.

पुढे पाहतो तो गाड्यांची रांग. प्रत्येक गाडीतला माणूस काचेतून डोके बाहेर काढून पुढच्याला ‘दिवे बंद करा!’ म्हणून ओरडत होता आणि स्वतःच्या गाडीचे दिवे लावूनच ओरडत होता. पायउतार झालेल्या मंडळींच्या हातांत मोबाइल. काजव्यांचे चित्र घ्यायला धरलेल्या त्या पडद्यांचा उजेड इतका, की झाडांच्या बाजूला नुसताच काळा डोंगर दिसावा. दूर, वरच्या अंगाला, काहीतरी लुकलुकत होते. मी धाकटीला खाली उतरवले.

तिने एकवार समोर पाहिले, एकवार मागे पाहिले. मग म्हणाली, ‘दिवाळी कुठं आहे?’

‘तिकडे बघ. नीट बघ हं. अंधारात डोळे थोडे सरावावे लागतात.’

अंधार हा शब्द उच्चारला आणि मीच माझा घात करून घेतला. तिने फ्रॉकच्या खिशातून आपला टॉर्च काढला. गेल्या वर्षी जत्रेत घेतलेला, बेडकाच्या आकाराचा. पोट दाबले की तोंडातून उजेड पडतो. तिने पोट दाबले. झोत नेमका समोरच्या झाडावर गेला आणि चहूबाजूंनी एकच ओरड झाली. त्या ओरडण्याने ती आणखी घाबरली आणि तिने बेडूक दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरला.

‘बाबा, त्याला लाल कागद लावला तर चालतो,’ चिरंजीव सांगू लागले, ‘लाल उजेड त्यांना...’

मी ऐकले नाही. बेडूक तिच्या हातातून हिसकावून घेतला, विझवला आणि माझ्या खिशात टाकला. तिने जो टाहो फोडला तो त्या डोंगराने परत करून आम्हाला ऐकवला. अंधारातून एका बाईंचा आवाज आला, ‘लहान मुलांना आणतातच कशाला असल्या ठिकाणी?’ सौभाग्यवतींनी तिला उचलले आणि एक अक्षर न बोलता त्या गाडीत जाऊन बसल्या. गाडीचे दार उघडताच आतला दिवा लागला. पुन्हा ओरड.

त्यानंतर मी आणि चिरंजीव दहा मिनिटे तिथे उभे होतो. काजवे दिसले. पण ते मी पाहिले असे काही म्हणवत नाही. मी माझा अपमान पाहत होतो.

घरी आलो. नागलीची भाकरी, पिठले, लसणाचा ठेचा. एरवी या पानावर मी चार भाकऱ्या रिचवल्या असत्या. धाकटी आईच्या मांडीत बसून जेवली. मी पाण्याचा पेला पुढे केला तर तिने तो दादाच्या हातून घेतला. रात्री खोलीतला दिवा तसाच जळत ठेवून आम्ही आडवे झालो. मी कुरकुर केली नाही.

अकराच्या सुमारास वीज गेली.

ठाण्यात वीज गेली तरी काही ना काही उजेड कुठून तरी येतोच. इथे डोळे उघडे आहेत की मिटलेले हेही हात लावून पाहावे लागावे असा काळोख. धाकटी दचकून जागी झाली. तिचा श्वास मला ऐकू आला. रडण्याच्या आधी पोर जो एक मोठा श्वास घेते, तो. माझा हात खिशाकडे गेला, आणि सदरा मी खुंटीला अडकवला होता हे आठवले. खुंटी कुठल्या भिंतीला होती ते आठवेना.

तेवढ्यात ओटीवरून आवाज आला. घरधन्याची म्हातारी आई तिथे निजत असे.

‘लाइट गेली व्हय? पोरगी भ्याली का? ये बाय, भाईर ये. भाईर उजेड हाय.’

बाहेर कसला उजेड असणार, असे माझ्या मनात आले. पण घरातल्यापेक्षा उघड्यावरचा अंधार खरोखरच पातळ असतो. दारातून चांदण्यांचे एक चौकोनी आभाळ दिसत होते. धाकटी चाचपडत उठली आणि त्या आवाजाच्या दिशेने गेली. एका परक्या म्हातारीचे बोट धरून माझी मुलगी अंधारात बाहेर पडली, आणि मी भिंती चाचपून सदरा शोधत राहिलो.

घराच्या मागे भातखाचरे होती, अजून कोरडी. त्यांच्या बांधावर एक जांभळाचे झाड. आम्ही तिघे मागे जाऊन पोचलो तेव्हा म्हातारी खाली दगडावर बसली होती आणि धाकटी तिच्या गुडघ्यांत उभी होती. प्रथम मला काहीच दिसले नाही. मग गवतात एक हिरवट ठिपका. मग फांदीवर दोन. आणि मग कोणीतरी झाडावरचे पांघरूण उचलावे तसे सबंध झाड एकदम उजळले, आणि पांघरूण पुन्हा टाकावे तसे विझले. पुन्हा उजळले. पुन्हा विझले. एका फांदीने सुरुवात करावी, दुसरीने ती उचलावी, आणि शेंड्यापर्यंत एकच ठेका धरला जावा. आवाज कसलाही नाही. इतका उजेड इतका गुपचूप असतो हे मला ठाऊक नव्हते. आमच्या दिवाळीत साधी फुलझडीसुद्धा तडतडल्याशिवाय राहत नाही.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग धाकटीने विचारले, ‘यांचं बटण कुठं असतं?’

‘प्वाटात,’ म्हातारी म्हणाली.

‘माझ्या बेडकासारखं?’

‘तसंच.’

‘मग त्यांना चटका नाही बसत?’

हा प्रश्न म्हातारीच्या आवाक्याबाहेरचा होता, माझ्याही. चिरंजीव खाली उकिडवे बसले आणि बहिणीला सांगू लागले. वर्गीकरण करताना त्याचा जो आवाज लागतो तो या वेळी नव्हता. म्हणाला, आपल्या घरी तो जुना पिवळा बल्ब होता ना, त्याला हात लावला की भाजायचं. कारण त्यात गेलेल्या विजेतली बहुतेक सगळी उष्णतेतच जायची, उजेड थोडासाच पडायचा. काजव्याचं उलट आहे. त्याच्या पोटात दोन द्रव्यं असतात आणि तिथं हवेतला प्राणवायू पोचला की उजेड पडतो. जवळजवळ सगळा उजेडच, उष्णता नाही म्हटली तरी चालेल. थंड दिवा.

‘आणि ते कशाला लावतात?’

चिरंजीव किंचित अडखळले. ‘एकमेकांना बोलावतात.’

‘लगीन जमवाया,’ म्हातारीने खुलासा केला आणि ती अंधारात खुदकन हसली.

मग त्याने बाकीचेही सांगितले. उडणारा नर लुकलुकतो, आणि खाली पानावर, गवतात बसलेली मादी त्याला उत्तर देते. प्रत्येक जातीची लुकलुकण्याची लय वेगळी, म्हणून चुकीच्या घरी निरोप जात नाही. हे दिवे लावण्याआधी कितीतरी महिने ते अळीच्या रूपाने ओल्या मातीत आणि पाचोळ्यात असतात, गोगलगायी खातात. आणि पंख फुटले की पुढे जेमतेम दोनतीन आठवडे. एवढ्यात जे बोलायचे ते बोलून घ्यायचे. आपण मोठा दिवा लावला की त्यांना एकमेकांचे दिसत नाही. दोघे जण हळू बोलत असताना मध्येच कर्णा लावल्यासारखे होते.

धाकटीने हे सगळे ऐकून घेतले. मग ती माझ्याकडे वळली. अंधारात तिचा चेहरा दिसत नव्हता, पण ती वळली हे कळले.

‘म्हणून तुम्ही माझा टॉर्च घेतलात?’

पोराने बापाला इतकी सोयीची पळवाट क्वचितच दिली असेल. ‘हो’ म्हटले असते तर मी त्या झाडाखाली काजव्यांचा कैवारी म्हणून उभा राहिलो असतो. सौभाग्यवती शेजारीच उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. झाड दोनदा उजळले आणि विझले.

‘नाही,’ मी म्हणालो. ‘मी चिडलो होतो, म्हणून घेतला.’

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग हात पुढे करून म्हणाली, ‘द्या मग.’

मी सदऱ्याच्या खिशातून बेडूक काढून तिच्या हातात दिला. खरे सांगतो, आम्ही सगळ्यांनीच श्वास रोखला होता. तिने तो पोटाशी धरला. दाबला नाही. झाडाकडे पाहत राहिली. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मिनिटे मोजायला मनगटावरचे घड्याळही दिसत नव्हते. मग एकाएकी तिचे धैर्य संपले. म्हातारीच्या लुगड्यात तोंड खुपसून ती म्हणाली, ‘आता आत जाऊ या. आता मला भीती वाटते.’ परत येताना तिने बेडूक लावला, पण तोंड खाली करून. नुसती आपली पावले दिसतील एवढाच.

सकाळी उठून मी आदल्या रात्रीच्या जागी चालत गेलो. रस्त्याच्या कडेचे गवत आडवे झाले होते, त्यात चाकांचे चर उमटले होते, आणि ठरलेल्या त्या पाण्याच्या बाटल्या. उत्तर देणारी मादी खाली गवतात बसते हे चिरंजीवांचे वाक्य आठवून मी जिथे होतो तिथेच थांबलो. आमच्या गाडीच्या चाकाची खूण त्यातली कोणती, हे ओळखायचा प्रयत्न केला. ओळखता आली नाही. घरधनी म्हणाला, रस्त्याकडेच्या झाडांवर आता पहिल्यासारखे बसत नाहीत, आत सरकलेत. पण लगेच हेही म्हणाला, की या तीन आठवड्यांत चार पैसे गाठीला लागतात आणि त्यावर पेरणीचा खर्च निघतो. त्याच्या घरात एक रात्र निजलेल्या आणि त्याच्या पेरणीला चार पैसे लावून निघालेल्या माझ्यासारख्याने यावर काय मत द्यावे! मी मत दिले नाही. पुढच्या खेपेला गाडी घराशी ठेवून त्या बांधावरच बसायचे, एवढे मनाशी ठरवले.

निघताना धाकटीला ओट्याच्या कडेला एक काजवा सापडला. तपकिरी, जोंधळ्यापेक्षा थोडा मोठा, न हलणारा. तिने तो तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिला.

‘हा? हा तर किडा आहे!’

‘मी पहिल्यापासून तेच सांगतोय,’ चिरंजीव म्हणाले.

आता गणपती गेले आहेत आणि घरात आकाशकंदिलाचे सामान आले आहे. त्यातला लाल जिलेटिनचा एक तुकडा दादाने कापून बेडकाच्या तोंडावर दोऱ्याने बांधून दिला आहे. समोरच्या इमारतीवर उघडमीट करणाऱ्या दिव्यांची माळ गणपतीपासून तशीच लटकते आहे. परवा धाकटी खिडकीत उभी राहून तिच्याकडे बराच वेळ पाहत होती. मग तिने विचारले, ‘यांना कोणी उत्तर देतं का?’

‘नाही,’ दादा म्हणाला. ‘हे नुसतेच.’

निळा दिवा आहे तिथेच आहे. भंडारदऱ्याने तिचे भय घालवले असे लिहिता आले असते तर या लेखाला शोभा आली असती. पण न्हाणीघरापाशी आजही दोन माणसे लागतात. फक्त अलीकडे कधीकधी रात्री अंथरुणात पडल्यावर ती मला हाक मारते आणि दिवा घालवायला सांगते. मी घालवतो. ती मोठ्याने आकडे म्हणू लागते. काल अकरापर्यंत गेली.

‘झालं,’ ती म्हणाली. ‘लावा आता.’

मी दिवा लावला.